टेकू नसलेलं छत

बत्तीस वर्षं मी मँगनीजच्या खदानीत जमिनीखाली टिंबरमॅन होतो. टिंबरमॅन म्हणजे छताला लाकडी बल्ल्यांचे टेकू देणारा. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे कागद वाचताना मी अजून बोट फिरवतो. पण छत कसं वाचायचं ते मला कोणी शिकवू नये. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घ्यायची, वरच्या दगडावर मारायची आणि कान द्यायचा. टणक आवाज आला तर दगड डोंगराला धरून आहे. भद्द आला, तडकलेल्या मडक्यासारखा, तर तो आतून सुटलेला आहे, आज नाही तर उद्या खाली येणार. याला आम्ही छत वाजवणं म्हणायचो. मी वाजवून 'पास' म्हटल्याशिवाय पाळीतला एकही माणूस पुढं पाऊल टाकत नसे. साहेबसुद्धा थांबायचे. ही बढाई वाटली तर वाटू द्या.

एकदाच चुकलो. सुटीची वेळ झाली होती, भूक लागली होती. तीनदा मारायची तिथं दोनदा मारली आणि 'पास' म्हणालो. माझा जोडीदार पुढं गेला आणि पाटाएवढा दगड त्याच्या पायावर आला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो आमच्याच गावचा आहे, रोज सकाळी चहाच्या टपरीवर भेटतो, कुबडी बाकाला टेकवून बसतो आणि माझी टिंगल करतो. त्या दगडाबद्दल मात्र त्यानं आजपर्यंत मला एक शब्द म्हटला नाही. म्हटला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी 'पास' हा शब्द सोडला. छत वाजवायचो आणि मग स्वतःच त्याच्याखाली जाऊन उभा राहायचो. एक विडी ओढून होईल एवढा वेळ. मी उभा आहे हे पाहून लोक यायचे. रिटायर होईपर्यंत असंच चाललं. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं यावर आहे.

मला एकच मुलगी. शिकली, बंगलोरला नोकरीला लागली, लग्नही तिकडच्याच नोकरीतल्या मुलाशी झालं. मुलगा आपल्या भागातला, भंडाऱ्याचा, त्यामुळे मी काही बोललो नाही. लग्नानंतर चार वर्षांनी तिला दिवस गेले. आधी एकदा पडलं होतं, म्हणून घरात सगळे जपून बोलत होते. जावई फोनवर म्हणाले, "मामाजी, दवाखाना घराच्या बाजूले हाये. मामीलेच इकडं पाठवा ना तीन महिने."

मी म्हणालो, "पहिलं बाळंतपन माहेरी होते. आमच्या घरी आजपर्यंत असंच झालं. मी स्वतः घ्याले येतो."

मी फोन ठेवल्यावर बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "माझे गुडघे गेले म्हना, मी नाई जाऊ शकत. पन तुमी कायले अडून बसले? तिले तिथं सोय हाये."

"रीत म्हनजे रीत."

"रीत तुमची, पोट तिचं."

मी ऐकलं नाही. ऐकायची सवय नव्हती. सातवा महिना लागला की आणायची असं ठरवून टाकलं. मग डॉक्टरीणबाईनं तिला सांगितलं की रेल्वेचा रात्रंदिवसाचा हादरा नको, आधीचं एक गेलेलं आहे. जायचंच असेल तर विमानानं जा, पावणेदोन तासांचा प्रश्न आहे, मी चिठ्ठी देते. मुलीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? नको म्हटलं असतं तर माझी रीत मीच मोडली असती. रीत पाळायला मीच मुलीला हवेत बसवत होतो, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्याच दिवसांत टीव्हीवर कुठल्यातरी पडलेल्या विमानाचे तुकडे दाखवत होते. टपरीवर जोडीदार म्हणाला, "काय मिस्त्री, जमिनीखाली बत्तीस वर्षं काढले, आता वरतून पडाची हौस आली का?"

"पोरीले घ्याले चाललो."

त्यानं चहा ढवळला. मग म्हणाला, "वाजवून घेजो."

मी रेल्वेनं बंगलोरला गेलो. दोन दिवस राहिलो. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर जावयाला विचारलं, "जवाईबापू, एक सांगा. त्या विमानाले टेकू कोठी असते?"

त्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं आहे. त्यांनी मोबाईल काढून मला एक चित्रफीत दाखवली. भल्यामोठ्या शेडमध्ये एक विमान उभं होतं आणि त्याच्या पंखांना दोऱ्या लावून ते वर ओढत होते. पंख वाकत गेला. धनुष्यासारखा झाला. मला वाटलं आता थांबवतील. थांबवलं नाही. शेवटी तो फाटकन मोडला आणि शेडमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली.

"मुद्दाम तोडला?"

"मुद्दाम, मामाजी. उडताना जेवढा जास्तीत जास्त भार पडू शकते असं हिशेबानं निघते, त्याच्या दीडपट भार त्यानं झेलला पाहिजे. तो झेलून मंग तुटला, म्हनून टाळ्या."

"अन् तो पंख?"

"तो भंगारात."

"म्हनजे जो तपासला तो तुटला. अन् आपली पोरगी ज्याच्यात बसन त्याले कोनी तपासलंच नाई."

जावई म्हणाले, "एकाच साच्यातले असते ना ते सगळे."

"एकाच झाडाच्या दोन बल्ल्या सारख्या नसते, बापू."

मुलगी आत कपडे भरत होती, तिथूनच म्हणाली, "त्याईले हरवू नका हो, ते तुमाले हरवतीन."

पण जावयानं एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात बसली. विमानाच्या पत्र्याला चिरा पडतात, म्हणाले. तुमचं हे विमान वर गेलं की आतली हवा त्याला फुगवते, खाली आलं की ते पुन्हा बसते. रोज पाच-सहा वेळा असं फुगणं-बसणं होतं, त्यानं धातू थकतो. चिरा पडणार हे धरूनच बांधलेलं असतं. एक जागा गेली तर तिचा भार बाजूची जागा घेते. आणि लोक ठरलेल्या दिवशी चिरा शोधतात, मोजतात, लिहून ठेवतात.

"चीर हाये हे माहीत असून उडवते?"

"चीर कोठी हाये ते माहीत असते, म्हनून उडवते."

खदानीत आम्ही हेच करायचो. छताला चीर दिसली की तिच्यात लाकडाची पाचर ठोकून ठेवायची. रोज येऊन पाहायचं. पाचर घट्ट असेपर्यंत कामाला हरकत नाही. एक दिवस पाचर गळून खाली पडलेली दिसली की समजायचं, चीर रुंदावली, माणसं काढा. म्हणजे हे लोक येडे नव्हते. पण पाचर पाहणारा कोण आहे, त्याला त्या दिवशी भूक लागली होती का, हे जावयाला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसतं.

विमानतळावर माझी पिशवी मशीनमधून गेली आणि सुपारीचा अडकित्ता काढून घेतला. लोखंडी, माझ्या बापाचा. मी शिपायाला म्हणालो, याच्यानं सुपारी कातरते, माणूस नाही. तो म्हणाला, अंकल, आगे बढ़िए. मुलीनं माझा हात धरून पुढं ओढलं. खरं सांगायचं तर मी तो मुद्दाम वरच्या खिशात ठेवला होता. सब्बल तर नेता येत नाही, अडकित्त्यानं वाजवता आलं असतं.

आमची जागा पंखाच्या अंगाला होती. मी खिडकीशी, मुलगी वाटेच्या बाजूला, मधली जागा रिकामी राहिली. दार अजून उघडं होतं, लोक सामान चढवत होते. मी बोटाच्या पेरानं खिडकीखालची भिंत वाजवली. भद्द. वर वाजवली. भद्द. उठून डोक्यावरचा सामानाचा डबा वाजवला, त्याच्या बाजूची गोलाई वाजवली. सगळीकडे तोच आवाज. अशा छताखाली मी कुत्रंसुद्धा उभं केलं नसतं.

"उतर बाई," मी मुलीला म्हणालो. "दार उघडं हाये तोवर उतर."

"बाबा, बसा खाली."

"मी सांगून राहिलो ना. पोकळ हाये."

विमानातली पोरगी आली, तिनं हात जोडले. "अंकल, बैठ जाइए, प्लीज़."

"बेटी, ये पोला है."

"क्या पोला है, अंकल?"

"पूरा."

मागचा एक जण खो-खो हसला. मी मागं पाहिलं नाही. मुलीचा हात धरला होता, तो सोडला नाही. तिचा दुसरा हात पोटावर होता. ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, तुमी फळी ठोकून राहिले. दगड त्याच्या मांगं हाये."

मी खाली बसलो.

टेकूंच्या मागं आम्ही फळ्या लावायचो, बारीक खडी अंगावर येऊ नये म्हणून. नवा माणूस यायचा, ती फळी वाजवायचा आणि पोकळ-पोकळ म्हणून ओरडायचा. सगळी पाळी हसायची. ही गोष्ट मीच तिला लहानपणी सांगितली होती, ती अभ्यासाला बसायची तेव्हा. आणि आज मीच तो नवा माणूस झालो होतो. समोर दिसतं ते नुसतं अस्तर. ज्याच्यावर जीव टांगलेला, ते सगळं त्याच्या मागं, तिथवर माझं बोट पोचत नाही, कानही नाही. दार बंद झालं.

विमान पळालं आणि उठलं. उठताना पंखाचं टोक वर गेलं, चांगलं हातभर तरी. जावयानं सांगितलं होतं म्हणून मी ओरडलो नाही. वाकतं ते चांगलं, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः कधी बल्ली छताला कोरडी भिडवली नाही, वर नेहमी मऊ लाकडाची पाचर दिली, म्हणजे भार आला की ती चेपते, बल्ली लगेच तुटत नाही. जो टेकू थोडा दबतो तो माणूस वाचवतो. हे मी पोरांना शिकवलं आहे. पण शिकवणं वेगळं आणि त्या वाकणाऱ्या पंखावर आपली लेक बसलेली पाहणं वेगळं.

अर्ध्या वाटेवर ढग आले. पट्टे बांधा म्हणून सांगितलं. मग विमान हलायला लागलं, आधी बैलगाडीसारखं, मग खाली खड्डा पडल्यासारखं. आणि डोक्यावरून आवाज यायला लागला. करकर. करकर.

आमच्या कामात म्हणतात, लाकूड आधी बोलते. लोखंडाचा टेकू मुका असतो, सांगून जात नाही. लाकूड करकरतं, तुम्हाला वेळ देतं. तो आवाज आला की विचार करायचा नसतो. बाजूच्याचा दंड धरायचा आणि पळायचं. माझे पाय आपोआप आखडले, पट्टा पोटात रुतला. दंड धरायला लेक बाजूला होती. पळायला काही नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते, ओठ दाबले होते, दोन्ही हात पोटावर.

"काय होते बाई?"

"काही नाई. कडक झालं."

"दुखते का?"

"नाई. दगडासारखं झालं. डॉक्टरीण बोलली होती, असं होते अन् जाते."

"अन् नाई गेलं तं?"

तिच्या मायला ठाऊक असतं. तिच्या मायनं सांगितलं असतं, हात लावून पाहिलं असतं. ती गावात गुडघे धरून बसली होती आणि मी, ज्यानं ही सगळी हौस केली, मला त्यातलं काही कळत नव्हतं. लेकीच्या पोटाला बापाचा हात लागत नाही. वरचं छत वाचता येत नव्हतं, खालचं पोट वाचता येत नव्हतं. दोन्ही एकदमच दगड झाले होते.

तेव्हा मी एक काम केलं. ते आठवलं की अजून लाज वाटते, पण लिहितो. मी मधल्या जागेकडे सरकलो, जेवढा पट्ट्यानं सरकू दिला तेवढा, आणि उजवा हात वर करून तिच्या डोक्यावरच्या त्या डब्याला तळहाताचा टेकू दिला. कोपर ताठ केलं. जोर लावला.

विमानातली पोरगी समोर आपल्या जागेवर पट्टा बांधून बसली होती. तिनं मला पाहिलं.

मुलीनं डोळे उघडले. "बाबा, हात खाली घ्या."

"राहू दे."

"लोक पाहून राहिले."

"पाहू दे. तू पोटाकडे पाह्य."

तिनं पुन्हा डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. दंड भरून आला, मग बधिर झाला. करकर थांबली नाही, माझ्या हातानं ती थांबणार नव्हती, हे काय मला कळत नव्हतं? पण हात काढला आणि पुढच्याच क्षणी काही झालं तर, एवढंच डोक्यात होतं. शेवटी हलणं कमी झालं. मुलगी म्हणाली, "सैल झालं." मला आधी वाटलं ती विमानाबद्दल बोलते. मग तिनं पोटावरचा हात काढला, तेव्हा मी माझा काढला.

नागपूरला उतरताना दाराशी विमानाची बाहेरची भिंत हाताच्या अंतरावर असते. तिथं अस्तर नाही, फळी नाही, खरा पत्रा. पत्रा जोडणाऱ्या रिबिटांची ओळ दिसत होती, अगदी सरळ, कोणा चांगल्या हाताची. मी थांबलो आणि पेरानं वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"काय म्हनते?" मुलीनं मागून विचारलं.

आवाज आला. टणक नव्हता आणि भद्दही नव्हता. बत्तीस वर्षांत ऐकलेल्या कोणत्याच आवाजाशी तो जुळला नाही. मागून लोक ढकलायला लागले.

"चल," मी म्हणालो.

बाळ व्यवस्थित झालं. मुलगी झाली. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात, रीतीप्रमाणे माहेरी. बायको खूष होती, त्यामुळे मला काही बोलली नाही. जोडीदार कुबडी टेकत बाळाला पाहायला आला आणि म्हणाला, "आजोबावर नाई गेली, नशीब हाये."

चौथ्या महिन्यात जावई दोघींना न्यायला आले. मी म्हणालो, मी पोचवून येतो तिकडवर. जावई म्हणाले, "मामाजी, मी हावो ना. तुमाले कायले तरास?" बायको म्हणाली, "पुरे झालं तुमचं." तिकिटं तीनच काढलेली होती. बाळाचं कसं तिकीट ते मला माहीत नाही, पण माझं नव्हतं.

नागपूरच्या विमानतळाच्या दाराशी बंदूकवाला शिपाई कागद पाहून आत सोडतो. त्याच्यापुढं आपण जायचं नाही. बायकोनं बाळाच्या कपाळाला तीट लावली. जावई सामान घेऊन पुढं झाले. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. थोडी हसत होती.

"बाबा, पास?"

तिनं गंमत केली. तिला त्या शब्दाची पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. मी तो किती वर्षांपूर्वी सोडला आणि कशापायी, हे मी घरात कधी सांगितलं नाही. पोरगी वाट पाहत होती. बाळ तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होतं, टकामका. एक शब्द होता, म्हणायला काय लागत होतं? माझ्या तोंडून निघाला नाही.

"पोचल्यावर फोन कर," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "करीन जी," आणि आत गेली. काचेतून थोडा वेळ पाठ दिसली.

आम्ही भाड्याच्या गाडीनं परत निघालो. मी गाडीवाल्याला विचारलं, विमान उठल्यावर कोणत्या बाजूनं जाते? त्यानं विमानतळाच्या भिंतीमागचा एक कच्चा रस्ता दाखवला. मी गाडी तिकडं घ्यायला लावली. बायको म्हणाली, "आता काय पाहाचं राहिलं? ऊन लागून राहिलं." मी तिला गाडीतच बसवलं आणि भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो.

पहिलं विमान आलं ते दुसऱ्याच रंगाचं होतं. तरी मी हललो नाही. अर्ध्या तासानं दुसरं आलं, डोक्यावरून इतकं खाली की पोटावरची रिबिटं दिसतील असं वाटलं. पंखांची टोकं वर उचललेली होती. त्यानंतर लगेच आणखी एक गेलं. तिचं कोणतं, ते मला सांगता आलं नाही.

"झालं का?" बायकोनं गाडीतून विचारलं.

"थांब," मी म्हणालो, आणि आवाज पूर्ण जाईपर्यंत तिथंच, त्याच्या खाली उभा राहिलो.